शिळा निरोप

माझा धंदा नेमका काय आहे, हे आत्याबाईला समजावून सांगण्यात मी एकदा अख्खी दुपार घातली. आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, लातूरजवळच्या मुरुडला दिलेली. आम्ही नांदेडचे. ती ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती आणि मी तिला संगणकातले निरोप समजावत होते. एका मशीनमधून निरोप निघतो, तो दुसरीकडे पोचायचा असतो. पलीकडचा कामात असला किंवा बंद असला, की मधे निरोपांची रांग लागते. ती रांग कशी चालावी हे मी ठरवून देते. त्यातही माझा हात बसलाय तो एका खास रांगेवर. तिच्यात एकच निरोप उभा राहू शकतो. नवा आला की जुन्याला धक्का मारून बाहेर.

आत्याबाईनं सगळं ऐकून घेतलं. एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले.

"म्हंजे मागलं पुसायचं अन् नवं लिवायचं."

"हो."

"अन् ह्याचा पगार देतेत तुला?"

तेव्हापासून मुरुडात माझी ओळख 'ती पुसायच्या कामाला हाय' अशी आहे. बऱ्याच जणांना वाटतं मी फरशी पुसते. मी कुणाची समजूत दुरुस्त करत नाही, कारण माझ्या साहेबांनाही माझं काम याहून सोप्या शब्दांत कधी सांगता आलेलं नाही.

पण खरं सांगू का, ही विद्या मला कॉलेजात मिळाली नाही. ती मिळाली आत्याबाईच्या मरणातून. ती अजून धडधाकट आहे हे आधीच सांगते, नाहीतर गैरसमज व्हायचा, आणि तो एकदा झाला तेवढा पुरे आहे.

भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. नांदेडला पहाटे मांडणीतली भांडी वाजली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. दिवस वर आला तसं लातूरच्या बाजूला काय झालंय ते रेडिओवरून कळायला लागलं, आणि वडिलांचं तोंड उतरत गेलं. बहीण मुरुडला. फोन लागत नव्हते. ते दर थोड्या वेळानं कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन मुरुडकडून कुणी आलंय का विचारून येत होते.

मुरुडात घडलं होतं ते असं. आत्याबाईच्या घराची मागची भिंत आत पडली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, तेव्हा ऐन विशीतला. तो धडपडत उठला आणि बघतो तर आईचं अंथरूण जिथं असायचं तिथं भिंत आलेली. हाका मारून बघितल्या. उत्तर नाही. तो हातांनीच दगडमाती उपसायला लागला. तेवढ्यात ओळखीचा एक ट्रकवाला नांदेडकडे निघालेला दिसला. दादानं त्याच्यापाशी निरोप दिला, "मामाला सांगा, भिंत पडली, आई सापडत न्हाई."

आई सापडणार कशी? जमीन हलायच्या जरा आधी म्हैस दावं तोडून पळाली होती आणि आत्याबाई तिच्यामागं शिवारात गेली होती. चांगलं ऊन वर आल्यावर ती म्हशीला ओढत परत आली. पोरगा भिंतीत कोपरापर्यंत हात घालून बसलेला बघून तिनं विचारलं, "काय उकरून राहिलास रं?" दादा मातीच्या हातांनी तसाच उठला, धावत थांब्यावर गेला आणि नांदेडला निघालेल्या एसटीच्या कंडक्टरला दुसरा निरोप दिला, "मामाला सांगा, आई सापडली."

आता झालं काय, की ट्रक लोह्याला अडकला. तिथं लोक भूकंपाच्या गावांसाठी धान्य आणि कांबळी गोळा करत होते. त्यांनी ट्रकवाल्याला धरला आणि सामान वाहायला लावला. एसटी मात्र सरळ आली. कंडक्टर आमच्या दारात येऊन "मुरुडची आई सापडली" एवढं सांगून गेला. आम्ही बुचकळ्यात. "हरवली कधी होती?" असं म्हणून वडील मोठ्यानं हसले. आणि दुसऱ्या दिवशी ट्रकवाला आला, हात जोडून उभा राहिला. "भिंत पडली. आई सापडत न्हाई."

शेवटी आला तो निरोप खरा, असं आम्ही धरलं. कुणीही धरलं असतं. कंडक्टर म्हणाला ती आई दुसऱ्या कुणाची असणार. निरोप मुरुडातून निघाला कधी, हे ट्रकवाल्याला एकानंही विचारलं नाही. वडील मिळेल त्या गाडीनं मुरुडला निघाले आणि आमच्या घरात गल्लीतल्या बायका जमल्या.

तिकडे मुरुडात आत्याबाई भावावर भडकलेली. एवढा भूकंप झाला आणि भाऊ विचारायला आला नाही! तिनं पिशवी उचलली, भावाला चार शब्द सुनवायला नांदेडची एसटी धरली. बहीण-भावांच्या गाड्या अहमदपूरच्या अलीकडे-पलीकडे कुठंतरी एकमेकींना हॉर्न देऊन गेल्या असतील.

आमच्याकडची रीत अशी, की रडत्या घरात शिरणाऱ्या बाईनं उंबऱ्यापासूनच गळा काढायचा. कोण गेलं ते मागाहून. आधी विचारत बसलं तर माया कमी दिसते. आत्याबाई या रीतीत पक्की. दारात चपलांचा ढीग दिसला, आतून रडणं ऐकू आलं, तशी तिनं पदर तोंडावर ओढला आणि असा सूर लावला की बाकीच्या बायकांचे आवाज त्याच्याखाली गेले. बायकांनी सरकून जागा दिली. माझी आई गुडघ्यांत डोकं घालून बसली होती, तिनं वर बघितलंच नाही. मी मात्र पदराखालून डोकावून बघितलं होतं. पण मला मरणाचा अनुभव नव्हता. मला वाटलं, पहिल्या दिवशी मेलेलं माणूस स्वतःही येत असेल.

बराच वेळ रडून झाल्यावर आत्याबाईनं बाजूच्या बाईला कोपर लावलं. ती आमची शेजारीण, बांगडीवाली खाला. खालाचं घर आमच्या घराहून जुनं होतं आणि गल्लीतलं एकही लग्न किंवा मयत तिनं चुकवलेलं नव्हतं.

"कोण गेलं वं?" आत्याबाईनं हळूच विचारलं.

"घरवाले की भैन," खाला हुंदका देत म्हणाली. "मुरुडवाली. लई चांगली होती बिचारी."

आत्याबाई विचारात पडली. "त्याला दुसरी भैन कुठून आली? मी एकलीच तर हाय."

खालानं वाकून तिच्या पदराआड बघितलं. मग "या अल्ला" म्हणून ती उठली ती थेट आपल्या घरात गेली आणि आतून कडी लावून घेतली. आमच्या घरात जो गोंधळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. आई आत्याबाईच्या गळ्यात पडून रडत होती आणि मधेच तिला फटके मारत होती. शेजाऱ्यांनी रीतीप्रमाणे कडू घास म्हणून पिठलं-भाकर आणून ठेवली होती. आत्याबाईनं आपल्याच मयतीची ती भाकर पोटभर खाल्ली आणि पिठल्यात मिरची कमी पडली म्हणून नाव ठेवलं. "लई चांगली होती बिचारी" हे खालाचं वाक्य ती तेव्हापासून आजवर वापरते. कुणी उलट बोललं, की "नांदेडला विचारा माझ्याबद्दल" म्हणते.

आम्ही हसलो, कारण आम्हाला हसता आलं. किती घरांत दुसरा निरोप आलाच नाही. दादा मुरुडच्या पोरांबरोबर औशाकडच्या, पार जमीनदोस्त झालेल्या गावांत ढिगारे उपसायला गेला होता. बऱ्याच दिवसांनी परत आला. तिथं काय बघितलं ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आत्याबाईची गोष्ट घरात सुरू झाली की सगळे पोट धरून हसायचे आणि दादा उठून म्हशीला पाणी दाखवायला जायचा. आम्हाला वाटायचं, माणूस जरा रुक्ष आहे.

पुढं लातुरात क्लासचं पीक आलं. भोकर, उदगीर, निलंगा, कुठून कुठून पोरंपोरी येऊन खोल्या करून राहायला लागल्या. ट्युशन एरियात फिजिक्सचे सर जास्त झाले आणि किराणा दुकानं कमी पडायला लागली. मी तोवर नांदेडला इंजिनिअरिंग उरकून लातूरच्या एका मोठ्या क्लासात कॉम्प्युटरचं काम बघायला लागले होते. मालकांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सरांचा फोटो शहरातल्या निम्म्या विजेच्या खांबांवर होता. फ्लेक्सवर त्यांची मान जरा तिरकी होती, ती हळूहळू खरोखरचीच तशी झाली.

सरांनी पालकांना मोबाईलवर निरोप धाडायची सोय केली. वर्गाच्या दारात यंत्र, पोरांनी त्यावर कार्ड टेकवायचं. ज्यानं टेकवलं नाही त्याच्या घरी निरोप, 'आपला पाल्य आज गैरहजर आहे'. परीक्षेचे गुण झाले, की त्याचा निरोप. वाचनालयातलं पुस्तक परत केलं, की त्याचाही निरोप, कारण सरांना पालकांच्या खिशात दिवसभर वाजत राहायची हौस होती. निरोप मराठीत, पण अक्षरं इंग्रजी. पहिल्याच आठवड्यात लोह्याच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "म्याडम, ह्यो पाल्या कोण हाय? रोज त्याच्याबद्दल लिवता. तो गैरहजर असला तर आमाला कामून सांगता? आमच्या पोराचं सांगा ना."

पण खरा घोळ वेगळाच होता. गावाकडे रेंज नसायची आणि लोडशेडिंगमुळे फोन बंद असायचे. फोन लागला नाही, की निरोप ऑफिसातल्या संगणकात रांग धरून थांबायचे, आणि लागला की सगळे एकदम, आधी सगळ्यांत जुना. भोकरच्या एका बापाला बाजारच्या दिवशी रेंज मिळाली. पहिला निरोप, 'गैरहजर'. त्यानं पुढचे वाचलेच नाहीत. एसटीनं तडक लातूरला आला आणि वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या पोराला सगळ्या बॅचसमोर धुतला. पोरगं ओरडत होतं, "बाबा, हजर हाय ना मी!" बाप म्हणत होता, "मोबाईलात तर न्हाईस!"

सरांनी मला बोलावलं. मला आमच्या घरातली मयत आठवली आणि मी कामाला लागले. रांगेच्या सेटिंगची फाईल उघडली. प्रत्येक पालकाच्या नंबराला एक वेगळा खण दिला. खणाची लांबी, एक. खण भरलेला असताना नवा निरोप आला तर काय करायचं? जुना टाकून द्यायचा. एवढंच. आता बापाला कधीही रेंज मिळो, त्याला फक्त ताजी बातमी मिळणार. सर इतके खूश झाले की त्यांची मान क्षणभर सरळ झाली.

त्याच वर्षी दादानं आपली लेक आमच्या क्लासाला घातली. घातली म्हणजे आत्याबाईनं घालायला लावली. तिला नात डॉक्टर झालेली बघायची होती, आणि नातीला तर मुरुडच्या बाहेर पडायला कुठलंही कारण चाललं असतं. पण पहिल्या महिन्यातच तिला अभ्यासाची खरंच गोडी लागली. दादा मात्र सुरुवातीला लेकीला लातूरला ठेवायला तयारच नव्हता. शेवटी आत्याबाईनं जेवण सोडायची धमकी दिली तेव्हा त्यानं एक अट घालून होकार दिला. अट गुणांची नव्हती. "गैरहजर म्हून एक जरी मेसेज आला," तो माझ्यासमोर तिला म्हणाला, "तर दुसऱ्या दिशी अंथरूण बांधून मुरुड. मग डाक्टरकी न्हाई अन् काई न्हाई." भाचीनं मान डोलावली. मला त्याचा भयंकर राग आला. पोरीला नापास व्हायची मुभा आहे आणि एक दिवस दांडी मारायची नाही, हा कुठला न्याय?

दोनेक महिन्यांनी क्लासात एक चमत्कार व्हायला लागला. पोरं वाचायला लागली. वाचनालयापुढं गर्दी. सकाळी पुस्तक न्यायचं, दुपारी परत. सरांना भरून आलं. त्यांनी फ्लेक्स लावला, 'मराठवाड्यातील सर्वाधिक वाचन करणारा क्लास', आणि त्यात स्वतः हातात जाड ग्रंथ धरून उभे राहिले. ग्रंथ उलटा होता, पण ते फक्त माझ्या लक्षात आलं असावं. वाचनालय सांभाळणारे एक निवृत्त गुरुजी होते. ते मला म्हणाले, "ताई, पोरं वाचतात म्हणता, पण पुस्तकावरची धूळ तशीच परत येते."

मी भाचीला चहाला नेलं आणि विचारलं. ती मला आत्तू म्हणते. तिनं आधी बिस्किट संपवलं.

"आत्तू, तुमच्या रांगेत एकच मेसेज ऱ्हातो ना?"

"मग?"

"बाबाचा फोन दिवसभर शेतात. रेंज न्हाई. संध्याकाळी ते थांब्यावर चहाला येतेत तवा मेसेज पडतो. सकाळी गैरहजर लागली, तर दुपारी पुस्तक वापस करायचं. पुस्तकाचा मेसेज येतो, गैरहजर पुसून जाते." तिनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. "लई भारी बनवलंय तुम्ही."

म्हणजे अख्खा क्लास दांड्या मारून पुस्तकं परत करत होता! मला राग यायला हवा होता. आला नाही. माझ्या सेटिंगच्या फाईलचा असा बारकाईनं अभ्यास सरांनीही कधी केला नव्हता. मी तिला एवढंच म्हटलं, की दांड्या कमी कर, आणि परत करायच्या आधी निदान धूळ तरी झटकत जा.

मग तो दिवस आला. मुलींची बॅच मागच्या इमारतीत बसायची. नगरपालिकेनं नालीसाठी खोदताना त्या इमारतीची नेटची वायर तोडली. दारातलं यंत्र आपलं काम करत राहिलं, पण सकाळचे सगळे निरोप त्याच्या पोटातच अडकले. भाची त्या दिवशी खोलीवर झोपून होती. तिच्या मैत्रिणीनं नेहमीप्रमाणे दुपारी तिचं पुस्तक परत केलं. वाचनालय पुढच्या इमारतीत, त्यामुळे पुस्तकाचा निरोप दादाच्या खणात जाऊन बसला. सगळं ठीक. आणि उन्हं उतरताना वायरमननं वायर जोडली. यंत्राच्या पोटातला सकाळचा 'गैरहजर' बाहेर पडला आणि शेवटी आला म्हणून नवा ठरला. पुस्तक पुसलं गेलं. थांब्यावर दादाचा फोन वाजला.

दुसऱ्या दिवशी क्लास उघडायच्या वेळेला जीप दारात उभी होती. दादाच्या हातात दोरी होती, अंथरूण बांधायची. मागून आत्याबाई उतरली. ती त्याला अडवायला म्हणून आली होती आणि वाटभर अडवून दमली होती. सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये घेतलं. भाचीला वर्गातून बोलावलं. ती आली, दोरी बघितली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. गंमत गंमत म्हणता पोरीची डॉक्टरकी आता त्या दोरीत जाणार होती.

सरांना वाटलं, आपण पोरीची बाजू घ्यावी. त्यांनी संगणकावर बघितलं. "अहो, पण तुमची मुलगी आमची आदर्श वाचक आहे. गैरहजर कशी असेल? कालच तिनं पुस्तक परत केलंय."

"काल कुठं होतीस?" दादानं लेकीला विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"झोपले होते, बाबा."

"कुठं?"

"खोलीवर."

"दिवसभर?"

"हाव. डोकं दुखत होतं. मग न्हाई दुखलं, तरी झोपले."

"मग पुस्तक कुणी परत केलं?" सर म्हणाले. सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, मग खिडकीतून बाहेरच्या फ्लेक्सकडे. मला वाटतं, वाचनाचं रहस्य त्यांना त्या क्षणी कळलं, कारण त्यांची मान आणखी तिरकी झाली.

दादाचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खुर्चीवर बसला होता, दोरी मांडीवर. "खोलीवर झोपली होती," तो स्वतःशीच म्हणाला. आणि चाळिशी गाठलेला, मिशीवाला, आम्ही रुक्ष ठरवलेला तो माणूस सरांच्या केबिनमध्ये तोंडावर हात धरून रडायला लागला.

आम्हाला काय करावं कळेना. मग तोच बोलला. "गैरहजर म्हंजे काय, सर? न्हाई, असंच ना? जिथं पायजे तिथं न्हाई. मंग कुठं हाय ते लिवतच न्हाईत तुम्ही. मी रातभर... माय जिथं झोपायची तिथं न्हवती, अन् मी भिंत उकरत होतो. काल सांजच्याला मेसेज वाचला अन् मला हाताला माती लागल्यावानी झालं."

अटीचा अर्थ मला तेव्हा लागला. तो हुकूम नव्हता, भीती होती. इतकी वर्षं आम्ही ज्या गोष्टीवर हसत होतो, त्या गोष्टीत तो पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आईशिवाय राहिला होता, आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मी संगणकावर वेळा तपासल्या आणि सगळ्यांना सांगितलं, की हा निरोप सकाळी निघाला होता, पण वायर तुटल्यानं वाटेत अडकला आणि ताज्या निरोपाच्या डोक्यावर येऊन बसला.

आत्याबाई एकदम ताठ बसली. "म्हंजे लोह्याचा ट्रकवाला!"

"तोच, आत्याबाई."

"मेला अजून फिरून राहिलाय!" मग ती लेकाकडे वळली, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी म्हशीमागं गेले होते, ही झोपली होती. दोघीबी हाव ना आम्ही? का अजून उकरतोस?"

दादा हसला. रडता रडता हसला, त्यामुळे सरांना नक्की काय चाललंय ते कळेना आणि त्यांनी चहा मागवला. चहा झाल्यावर दादानं मला विचारलं, "बाई, तुझ्या त्या रांगेत मला पायजे तो मेसेज टाकता येतो का?"

"कुठला?"

"रोज एकच. हाय, एवढंच. ती आली, की हाय. दुसरं काई धाडू नगं. पुस्तक नगं, मार्क नगं."

"'आपला पाल्य उपस्थित आहे' असं शोभून दिसेल," सर म्हणाले.

"पाल्य नगं," दादा म्हणाला. "हाय."

भाची खुदकन हसली. "बाबा, पोरी पोरांना हाय म्हून मेसेज करतेत. इंग्लिशमधला."

"करू दे. ती पोरंबी कुठंतरी हायेतच ना?"

मी त्याच दिवशी दोन्ही कामं केली. दादाच्या खणात रोज 'हाय' जायची सोय केली. आणि रांगेला एक नवी अट घातली: खणात नुसता शेवटी आला म्हणून कुणी बसणार नाही, आधी त्यानं आपण निघालो कधी ते दाखवायचं, आणि आतल्यापेक्षा आधी निघाला असेल तर दारातूनच परत जायचं. आत्याबाई याला 'शिळा निरोप ताज्यावर बसू न देणं' म्हणते. मी पुढं मोठ्या कंपन्यांत याच कामाचे मोठाले कागद लिहिले, पण याच्यापेक्षा नीट मला ते लिहिता आलं नाही. दादा जाताना दोरी केबिनमध्येच विसरला. सरांनी ती वाचनाचा फ्लेक्स गुंडाळून बांधायला वापरली.

भाचीनं त्यानंतरही दांड्या मारल्या, पण दारात येऊन कार्ड टेकवून मग मारल्या. 'हाय' तेवढं चुकवलं नाही. ती डॉक्टर झाली. आता पार लांबच्या एका शहरात असते. क्लासचा संबंध कधीच संपला, तरी रोज सकाळी ड्युटीवर चढताना बापाला स्वतः तेवढंच लिहिते. तिच्याबरोबरच्या डॉक्टरांना वाटतं, बापलेक फार मॉडर्न आहेत.

मागच्या दिवाळीत मी मुरुडला गेले होते. आत्याबाई ओसरीवर बसून माझ्या फराळाला नावं ठेवत होती. दादाचा फोन वाजला. त्यानं चष्मा लावला, वाचलं, आणि मग बोटानं जपून कालचा निरोप पुसून टाकला. फोनमध्ये लेकीचा एकच निरोप उरला. माझ्यातला कारागीर गप्प बसेना. मी म्हटलं, "दादा, या फोनमध्ये जागा भरपूर आहे. राहू दे की मागचे. एवढ्या वर्षांचे सगळे साठले असते."

त्यानं चष्मा काढला. पहिल्यांदाच तो औशाकडच्या त्या गावांबद्दल बोलला.

"कालची माणसं त्या दिशी समद्यांपाशी होती, बाई," तो म्हणाला. "आजची पायजे."